उमेद आणि ऑर्डर : मावळातून ऑनलाइन धंदा उभा करताना

लोणावळ्याच्या बाजारपेठेला गिऱ्हाईक शोधत फिरावे लागले नाही. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि घाट चढून आलेल्या गाडीला इथे थांबणे भागच पडले, कारण कर्जतला मागून जोडलेली जादा इंजिने लोणावळ्याला काढावी लागतात. त्या थांब्याच्या आधाराने गूळ-शेंगदाण्याचा खाऊ विकला गेला आणि चिक्की या गावाची ओळख बनली. पुढे जुना महामार्ग वाहता राहिला, 2002 मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, आणि पावसाळ्यात भुशी धरणाकडे माणसांचा लोंढा लागू लागला. कार्ल्याची एकवीरा, भाजे लेणी, लोहगड यांच्यामुळे वर्षभर राबता असतोच. दीडशे वर्षे मावळातला दुकानदार वाटेवर बसला आणि वाटेने त्याला पोसले.

ऑनलाइन धंद्यात ही वाट नसते. मोबाईलवर दुकान उघडले म्हणून त्याच्या दारावरून कुणी जात नाही. त्यामुळे वडगाव, कामशेत किंवा पवनानगरचा एखादा तरुण असा धंदा सुरू करतो, तेव्हा काही आठवड्यांतच त्याच्यापुढे दोन प्रश्न येतात: उमेद टिकवायची कशी, आणि माल नेमका विकायचा कुणाला. पहिल्याचे उत्तर तो प्रेरणादायी भाषणांत शोधतो, दुसऱ्याचे जाहिरातीत. हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत, असे माझे म्हणणे आहे. गिऱ्हाईक ठरलेले नसेल तर उमेद टिकत नाही, आणि गिऱ्हाईक ठरले की तिची वेगळी मशागत फारशी करावी लागत नाही.

हे नीट समजण्यासाठी आधी प्रेरणेचे प्रकार वेगळे काढू. पहिली गरज. औद्योगिक वसाहतीतली कंत्राटी नोकरी कधी सुटेल याचा नेम नाही, भाताचे एकच पीक वर्षाचा खर्च भागवत नाही, अशा घरातून निघालेली प्रेरणा जोरदार असते. पण तिला लगेच पैसा हवा असतो, आणि ऑनलाइन धंदा सुरुवातीला तो देत नाही. दुसरी देखादेखी. तिसरी मालाविषयीची किंवा कसबाविषयीची ओढ: तांदूळ ओळखणारा, फूल जोपासणारा, गडवाटा पायाखाली घातलेला माणूस. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी टिकाऊ प्रेरणेचे तीन आधार सांगितले आहेत: आपला निर्णय आपण घेतो आहोत ही भावना, आपल्याला काम जमते हा प्रत्यय आणि माणसांशी असलेले नाते. यांपैकी पहिला आधार धंदा सुरू करताच मिळतो. उरलेले दोन मात्र गिऱ्हाईकच देऊ शकते. माल पोचल्यावर आलेला ‘पुढच्या महिन्यातही पाठवा’ हा निरोप काम जमल्याचा पुरावा असतो आणि नात्याचाही. असा निरोप येण्यासाठी समोर कुणीतरी ठरावीक माणूस असावा लागतो.

देखादेखीचा परिणाम पाहायचा असेल तर पवना धरणाच्या काठाने फिरावे. तिथे तंबूंच्या मुक्कामाचा धंदा बहुतांशी मोबाईलवरच चालतो. बहुतेक जाहिराती एका साच्याच्या: पाण्याकाठचे रंगीत तंबू, शेकोटी, बार्बेक्यू, रात्रीचे संगीत. फोटो सारखे, सेवा सारखी, म्हणून गिऱ्हाईक फक्त भाव विचारते, आणि भाव खाली ओढण्यात सगळेच दमतात. ज्याच्याकडे शेजाऱ्यापेक्षा वेगळे काहीच नाही त्याने उमेद हरवली तर दोष त्याच्या स्वभावाचा नाही. त्याच काठावर कुणी ठरवले की आपण फक्त लहान मुलांच्या कुटुंबांनाच घेणार, रात्री दहानंतर आवाज नाही, सकाळी तिकोन्यावर गडाची माहिती असणारा गावचा माणूस सोबत येणार, तर तो निम्म्याहून अधिक गिऱ्हाइकांना स्वतःहून नकार देतो. नकार देण्याची ही तयारी म्हणजेच बाजार ठरवणे. लोहगड जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला. आता गड समजून घ्यायला येणारा पाहुणा आणि शेकोटीभोवती नाचायला येणारा पाहुणा यांना एकाच जाहिरातीत बोलावणे आणखी निरर्थक ठरेल.

लोकांची सदिच्छा आणि गिऱ्हाइकाची मागणी यांत गल्लत होण्याचा धोका मावळ तालुक्याला नवा नाही. तळेगाव दाभाडे इथे 1908 मध्ये पैसा फंड काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा जमवण्याची कल्पना लावून धरली, लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले, आणि ईश्वरदास वार्ष्णेय यांच्यासारखा परदेशात काचविद्या शिकलेला जाणकार कामाला लाभला. भांडवलाची अडचण स्वदेशीच्या प्रेरणेने सोडवली, हे त्या माणसांचे मोठेपण. पण पैसा देणारा आणि दुकानात उभा राहून कंदिलाची काच निवडणारा या दोन वेगळ्या भूमिका आहेत, मग माणूस एकच का असेना. दुसऱ्या भूमिकेत तो काचेतला बुडबुडा पाहतो, भाव पाहतो. त्या कारखान्यात कारागीर घडवण्यावरही भर दिला गेला, हे मला म्हणूनच फार महत्त्वाचे वाटते. सदिच्छेचे रूपांतर कसबात केल्याशिवाय माल बाजारात उभा राहत नाही. आज समाजमाध्यमांच्या पानावर पडणारे अंगठे आणि ‘छान उपक्रम’ हे शेरे त्या एका पैशाइतकेही वजनदार नाहीत. ते मोजून माल भरला तर माल घरात पडून राहतो.

आता बाजाराकडे वळू, आणि उदाहरण मावळच्या मुख्य मालाचेच घेऊ. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहराच्या संकरातून विकसित केलेला इंद्रायणी वाण 1987 मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. त्याचा वास आणि शिजल्यावरचा मऊ चिकटपणा घाटावरच्या घरांना आवडतो. बिर्याणीसाठी मोकळा, लांब दाणा शोधणाऱ्याला तो आवडणार नाही. म्हणजे ‘उत्तम तांदूळ, संपूर्ण भारतात घरपोच’ ही जाहिरात सुरुवातीपासूनच चुकीच्या दारात उभी आहे. इंद्रायणीचे गिऱ्हाईक कोण? वरण-भात, मऊ भात, मुलांची खिमटी रोज करणारे मराठी घर. ते घर पुण्यात, पिंपरी-चिंचवडमध्ये, ठाण्यात, डोंबिवलीत आहे.

पुढचा हिशेब अंतराचा. समजा, तांदूळ 80 रुपये किलोने विकायचा आहे. 5 किलोची पिशवी 400 रुपयांची झाली. तिच्यावर कुरिअरचे 150 रुपये चढले तर गिऱ्हाइकाला तो 110 रुपये किलोने पडला, आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडे तो जाणारच. उलट चिंचवडच्या एकाच सोसायटीतल्या वीस घरांनी प्रत्येकी 10 किलो मागवला, तर 200 किलोंचा एक टेम्पो भरतो. फेरीचे 1500 रुपये धरले तरी वाहतूक किलोमागे साडेसात रुपयांवर येते. माल तोच, शेतकरी तोच, मोबाईलही तोच. फरक इतकाच की गिऱ्हाईक विखुरलेले नसून एका जागी आहे. हलक्या आणि महाग मालाला देशभर पाठवणे परवडते. जड आणि स्वस्त मालाचा बाजार दाट हवा.

कायदाही सुरुवातीच्या विक्रेत्याला जवळच्या बाजाराकडेच ढकलतो. 1 ऑक्टोबर 2023 पासून, उलाढाल ठरावीक मर्यादेत असलेल्या छोट्या विक्रेत्याला जीएसटी नोंदणी न करताही ई-कॉमर्स संकेतस्थळांवरून माल विकता येतो, मात्र राज्याच्या आतच. त्यासाठी जीएसटी पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. 25 किलोपर्यंतच्या सीलबंद, लेबल लावलेल्या तांदळावर 18 जुलै 2022 पासून 5 टक्के जीएसटी लागू झाला, आणि खाण्याचा माल विकायचा तर एफएसएसएआयची नोंदणी लागतेच. हे कागद आधी समजून घ्यावेत. दंडाची नोटीस आल्यावर समजून घेणे महाग पडते.

तिसरी गोष्ट विश्वासाची. इंद्रायणीच्या नावाखाली भलताच तांदूळ गळ्यात मारला जातो, ही शहरातल्या गृहिणींची तक्रार जुनीच आहे. ऑनलाइन खरेदीत दाणा चावून पाहता येत नाही, वास घेता येत नाही. म्हणून विक्रेत्याने भाताचे गाव, कापणीचे वर्ष, गिरणीचा दिवस, पॉलिश की हातसडी हे पिशवीवर लिहावे. नवा तांदूळ पाणी कमी घेतो आणि जास्त चिकट होतो, जुना मोकळा होतो, हेही सांगावे. एवढे लिहिणारा विक्रेता फोटो काढण्यात कच्चा असला तरी चालतो.

चिक्कीचे गणित यापेक्षा वेगळे. ती वजनाने बेताची, पण लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि दमट हवेत चिक्की पाघळते, प्रवासात तुटते. तिचा ऑनलाइन धंदा पाकिटाच्या दर्जावर चालतो, एवढे सांगून पुढे जातो.

बाजार ठरवणे किती काटेकोर असू शकते हे मावळातल्या गुलाब उत्पादकांकडून शिकावे. पॉलिहाऊसमधला गुलाब वर्षभर फुलतो, पण पवन मावळातल्या शेतकऱ्याची नजर 14 फेब्रुवारीवर असते. परदेशात जाणारे फूल जानेवारीच्या अखेरीपासून निघायला हवे. छाटणीपासून फूल तोडणीला येईपर्यंत साधारण दीड महिना जातो. म्हणून छाटणी डिसेंबरच्या मध्याला. थंडी वाढली तर कळी उशिरा उमलते, तोही अंदाज त्यात धरावा लागतो. मग दांडीची लांबी मोजून प्रतवारी, शीतगृह, खोके, विमान. कोण, कधी, कोणत्या मापाचे फूल घेणार हे आधी पक्के, आणि कात्री त्यानंतर. डिसेंबरच्या पहाटे पॉलिहाऊसमध्ये उतरणाऱ्या त्या माणसाला उमेदीचे व्याख्यान लागत नाही. त्याच्यापुढे तारीख असते.

पण ज्याच्यापुढे अशी तारीख किंवा ठरलेले गिऱ्हाईक अजून नाही, त्याने निघायचे कुठून? अमेरिकेत अध्यापन करणाऱ्या सरस सरस्वती यांनी 27 अनुभवी उद्योजकांच्या निर्णयपद्धतीचा अभ्यास केला. ही मंडळी दूरचे मोठे उद्दिष्ट ठरवून साधने गोळा करत बसत नाहीत, असे त्यांना दिसले. मी कोण, मला काय येते, मी कुणाला ओळखतो, इथूनच ती निघतात आणि किती तोटा सोसवेल ते आधी ठरवतात. मावळातल्या तरुणाला हे तीन प्रश्न परके वाटू नयेत. पुण्या-मुंबईत नातेवाईक नसलेले घर इथे क्वचितच सापडेल, आणि गडावर नेलेले, शेतावर जेवून गेलेले पाहुणे त्याच्या मोबाईलमध्ये असतातच. पहिली यादी तिथूनच होते.

तेव्हा संकेतस्थळ, बोधचिन्ह, जाहिरात यांवर खर्च करण्याआधी भात कापणीला येईपर्यंतचे आठवडे वापरा. वीस घरांना फोन करा. महिन्याला किती तांदूळ लागतो, सध्या कुठून येतो, त्यात काय खटकते, हे विचारा आणि वहीत लिहा. आगाऊ शंभर रुपये द्यायला किती जण तयार होतात ते पाहा. पाच जणही तयार झाले नाहीत तर माल किंवा गिऱ्हाईक बदला, आणि दहा झाले तर दिवाळीनंतर गिरणीतून निघालेली पहिली पोती त्यांच्याच नावाने बाजूला ठेवा.