आयसीयूतला ज्युनियर डॉक्टर मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काय शिकतो?

"कल्चरला पाठवलंय, रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतील." आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर रात्र काढलेल्या नातेवाइकांनी हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतंच. मग डोक्यात येतं, साखर तपासायला काही सेकंद लागतात, मग याला तीन दिवस कसले? आणि रिपोर्टच आला नाही तर आत जी महागडी इंजेक्शनं चालू आहेत, ती कशाच्या जोरावर?

या प्रश्नांना तोंड द्यायची वेळ बहुतेकदा पंचविशीतल्या ज्युनियर डॉक्टरवर येते. याची उत्तरं अर्धी आयसीयूत मिळतात आणि अर्धी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये. म्हणूनच या दोन्ही ठिकाणी केलेली पोस्टिंग डॉक्टरच्या फार कामाला येते.

आधी पोस्टिंगचं गणित बघू

सायन-पनवेल हायवेला लागून असलेल्या कामोठ्यात १९८९ पासून एमजीएम मेडिकल कॉलेज आहे. अशा कॉलेजात शिकणारा विद्यार्थी मायक्रोबायोलॉजी शिकतो ती एमबीबीएसच्या दुसऱ्या टप्प्यात. तेव्हा त्याने गंभीर पेशंट जवळून बघितलेलाच नसतो. जंतूंची नावं पाठ होतात, परीक्षा होते, विषय सुटतो.

पुढे १२ महिन्यांची सक्तीची इंटर्नशिप. २०२१ च्या नियमांनुसार त्यात भूलशास्त्र आणि क्रिटिकल केअर मिळून २ आठवडे आहेत. लॅबचं काम बघायचं तर ते ऐच्छिक पोस्टिंगमध्ये. नंतर एमडीची ३ वर्षं. मेडिसिन आणि भूलशास्त्राचे रेसिडेंट आयसीयूत ड्युटी करतात, मायक्रोबायोलॉजीचे रेसिडेंट लॅबमध्ये. दोघांची गाठ पडते ती जास्त करून फोनवरच.

ब्रिटनमध्ये डॉक्टर झाल्यावर पहिली २ वर्षं साधारण चार-चार महिन्यांच्या पोस्टिंग असतात. त्यात कुणाला आयसीयू मिळतं, तर कुणाला मायक्रोबायोलॉजी. पुढे मायक्रोबायोलॉजिस्ट व्हायचं असलं तरी आधी वॉर्डात पेशंट सांभाळावे लागतात.

बाटली लॅबला गेली, पुढे काय?

समजा, ताप आणि उतरलेलं बीपी घेऊन एक पेशंट आयसीयूत आला. सेप्सिसची शंका आहे. पेशंट शॉकमध्ये असेल तर तासाभरात अँटिबायोटिक सुरू करा, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगतं. पण त्याआधी ब्लड कल्चर घ्यायचं असतं, कारण औषध रक्तात गेलं की जंतू वाढत नाहीत आणि रिपोर्ट कोरा येऊ शकतो. म्हणजे हातात तास एकच, आणि त्यात ही दोन्ही कामं.

मोठ्या माणसाच्या एका बाटलीत साधारण ८ ते १० मिली रक्त लागतं, आणि दोन वेगवेगळ्या जागांवरून सुई टोचून घ्यावं लागतं. रात्री तीन वाजता, शीर सापडत नसताना, २ मिलीवर भागवायचा मोह होतो. लॅबमध्ये बसल्यावर याची किंमत कळते, कारण गंभीर पेशंटच्या रक्तातसुद्धा एका मिलीमागे जंतू फार थोडे असू शकतात. रक्तच कमी घेतलं तर ते बाटलीत येणार कुठून?

नमुना पोचवण्याचेही नियम आहेत. लघवीचा नमुना लॅबला जायला उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवतात. पाठीतून काढलेलं पाणी कल्चरसाठी फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, कारण मेंदूज्वराचे काही जंतू थंडीने मरतात. ब्लड कल्चरची बाटलीही बाहेरच ठेवायची. पुस्तकात हे एका ओळीत असतं. प्रत्यक्षात ते बाटली घेऊन जाणाऱ्या वॉर्डातल्या मामांना आणि मावशींनाही माहीत असावं लागतं.

लॅबमध्ये बाटली मशीनमध्ये जाते. जंतू वाढले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो, मशीनला तो कळतो आणि इशारा मिळतो. कधी १२ तासांत, कधी दुसऱ्या दिवशी. काहीच वाढलं नाही तर साधारण ५ दिवस वाट बघतात. इशारा आला की काचपट्टीवर थेंब घेऊन ग्रॅम स्टेन करतात. हान्स ख्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरने १८८४ मध्ये सांगितलेली ही पद्धत थोड्या बदलांसह आजही वापरतात. जांभळे दिसले तर एक गट, गुलाबी दिसले तर दुसरा. काही मिनिटांचं हे काम, आणि त्यावर आयसीयूत लगेच फोन जातो. जंतूचं पूर्ण नाव आणि त्याच्यावर कोणतं औषध चालतं, हे कळायला आणखी एक-दोन दिवस. जंतूला आधी प्लेटवर वाढू द्यावं लागतं. दोन-तीन दिवस जातात ते यात.

जंतू सापडला म्हणजे आजार झाला?

नाही. आणि लॅब आणि आयसीयूमध्ये सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथेच.

चार बाटल्यांपैकी एकीतच कातडीवर नेहमी राहणारा जंतू आला, तर बहुतेक वेळा तो सुई टोचताना आत गेलेला असतो. व्हेंटिलेटरच्या नळीतून काढलेल्या कफात जंतू दिसला म्हणजे न्यूमोनिया झालाच, असंही नाही. नळीत काही दिवसांनी जंतू वस्ती करतातच. लॅबला नुसता नमुना दिसतो, पेशंटचा ताप, एक्स-रे आणि वाढलेला ऑक्सिजन दिसत नाही. आयसीयूतल्या डॉक्टरला हे सगळं दिसतं, पण नमुना कसा आला होता ते माहीत नसतं. मागणीच्या फॉर्मवर 'ताप' एवढंच लिहिलं तर लॅब तरी काय करणार? लॅबमध्ये काम केलेला डॉक्टर फॉर्म नीट भरतो.

चुकीच्या रिपोर्टवर चालू केलेलं एकेक जास्तीचं औषध पुढे महाग पडतं. २०१० मध्ये मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या टीमने एक छोटा अभ्यास छापला. कार्बापेनेम या मोठ्या अँटिबायोटिकना दाद न देणाऱ्या आतड्यातल्या जातीच्या २४ जंतूंपैकी २२ मध्ये एनडीएम-१ निघालं. एनडीएम-१ म्हणजे हे औषधच मोडून टाकणारं एन्झाइम जंतूला देणारं जनुक. त्याच वर्षी 'लॅन्सेट'मधल्या लेखावरून जगभर गदारोळ झाला, नावात 'न्यू दिल्ली' का यावरून आपल्याकडे वाद पेटला. नावाच्या भांडणात मुंबईतला हा शोध मागे पडला. या अभ्यासाच्या लेखकांमध्ये मायक्रोबायोलॉजिस्ट कॅमिला रॉड्रिग्ज होत्या, आयसीयूचे फरहाद कपाडिया होते आणि संसर्गजन्य आजारांचे राजीव सोमण होते. लॅब आणि बेड एका टेबलावर आले की असं काम होतं.

कार्बापेनेम चालेनासं झालं की डॉक्टर कोलिस्टिनकडे वळतात. किडनीला त्रास देतं म्हणून बाजूला ठेवलेलं हे जुनं औषध. ते कोंबड्यांनाही दिलं जायचं. २०१९ मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. गंमत म्हणजे इतर औषधांसाठी चालणारी कागदी चकतीची चाचणी कोलिस्टिनला विश्वासाची नाही, वेगळी पद्धत लागते. लॅबचा उंबरा न ओलांडलेल्या डॉक्टरला हे रिपोर्ट वाचताना लक्षात येणं अवघड.

रिपोर्ट आल्यावर औषध 'कमी' का करतात?

सुरुवातीला जंतू माहीत नसतो, म्हणून अंदाजाने व्यापक औषध देतात. जंतू कळला की त्याच्यावर चालणारं साधं औषध ठेवून बाकीची बंद करतात. नातेवाईक इथे घाबरतात. "डॉक्टर, पैसे भरतो आम्ही, भारीतलं बंद का केलं?" ज्युनियरने उत्तर नीट दिलं नाही तर वाद होतो. खरं तर ही चांगली बातमी असते.

आणि रिपोर्टवर 'नो ग्रोथ' आलं तर? इन्फेक्शन नाही, असा त्याचा सरळ अर्थ होत नाही. नमुना घेण्याआधीच औषध सुरू झालेलं असेल, रक्त कमी घेतलेलं असेल, किंवा आजारच लेप्टो, डेंगीसारखा असेल, जो या बाटलीत कधीच वाढणार नाही. पावसाळ्यात पनवेल, नवी मुंबईच्या पट्ट्यात हे आजार येतातच, आणि त्यांच्या रक्ततपासण्या वेगळ्या मागवाव्या लागतात. कल्चर पाठवतानाच त्या मागवल्या, तर दोन दिवस वाचतात.