कोनाड्यातली डबी : इन्सुलिनची सुई घरात आली त्याची गोष्ट

आमच्या इंदूरच्या जुन्या घरात देवघराशेजारच्या कोनाड्यात स्टीलची एक चपटी डबी असे. तिला हात लावायची आम्हा मुलांना सक्त मनाई होती. रोज सकाळी आजी त्या डबीतली काचेची सिरिंज आणि सुई पातेलीत उकळायला ठेवी, पाणी निवेपर्यंत जपाची माळ ओढी आणि मग आजोबांच्या मांडीत इन्सुलिन टोची. सुई बोथट झाली की बारीक दगडावर घासून तिला धार लावायची. आजी जेमतेम चौथी शिकलेली, पण सिरिंजवरची रेघ वाचताना तिची चूक झालेली कोणी पाहिली नाही. आम्हाला यात काही विशेष वाटत नसे. ही सुई डॉक्टरांच्या हातून आजीच्या हाती येणे केवढी मोठी घटना होती, हे पुष्कळ पुढे वाचनातून समजले.

त्वचेखाली औषध देणारी सुई आणि सिरिंज 1853 च्या सुमारास वापरात आली. एडिंबरोचे अलेक्झांडर वुड आणि फ्रान्समधल्या लियोंचे शार्ल प्रावाझ या दोघांनी स्वतंत्रपणे हे काम केले. पुढची सत्तर वर्षे सुई टोचणे हे मुख्यतः डॉक्टरांचेच काम राहिले. रोग्याने ती रोज स्वतःला टोचावी, अशी वेळ सहसा येत नव्हती.

ती वेळ आणली मधुमेहाने. हा रोग आपल्याकडे नवा नाही. ज्याच्या लघवीला मुंग्या लागतात अशा रोग्याचे वर्णन आपल्या प्राचीन वैद्यकात आहे. पण लहान वयात जडणाऱ्या मधुमेहावर जगात कुठेच उपाय नव्हता. अगदी थोडे खायला देऊन मरण काही महिने लांबवायचे, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. 1921 च्या उन्हाळ्यात टोरांटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी मॅकलाउड यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या स्वादुपिंडावर काम सुरू केले. 11 जानेवारी 1922 रोजी लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला त्यांचा अर्क टोचला गेला. अर्क पुरेसा शुद्ध नव्हता, गुण फारसा आला नाही. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केला आणि 23 जानेवारीच्या इंजेक्शननंतर मुलगा सुधारू लागला. पुढे संशोधकांनी पेटंटचा हक्क विद्यापीठाला नाममात्र एकेका डॉलरला देऊन टाकला.

औषध सापडले, पण एक मोठी अडचण उरली. इन्सुलिन पोटातून देता येत नाही, कारण ते अन्नासारखे पचून जाते. तेव्हाच्या इन्सुलिनचा परिणामही काही तासच टिके. म्हणजे दिवसातून दोन-तीन वेळा टोचायचे आणि तेही जन्मभर. इतके दिवस कोणते रुग्णालय कोणाला ठेवून घेणार? तेव्हा सुई रोग्याच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या हाती देणे भागच होते.

ऑगस्ट 1922 मध्ये एलिझाबेथ ह्यूज ही मुलगी बँटिंगकडे आली. वडील अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री, पण पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेल्या या मुलीचे वजन जेमतेम 20 किलो उरले होते. ती स्वतः टोचून घ्यायला शिकली, तिचा संसार झाला, मुले झाली आणि 1981 मध्ये तिचे निधन झाले. म्हणजे 58 वर्षे ती त्या सुईवर जगली. बोस्टनचे डॉ. एलियट जॉस्लिन यांनी रोग्याला शिकवणे हाच उपचाराचा भाग मानला आणि त्यासाठी परिचारिका तयार केल्या. लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स यांना स्वतःलाच मधुमेह होता. 1923 साली इन्सुलिनने ते वाचले. पुढे त्यांनी रोग्यांसाठी पुस्तक लिहिले आणि 1934 मध्ये लेखक एच. जी. वेल्स यांच्यासह मधुमेहींची संघटना उभी केली. वेल्स हेही मधुमेहीच होते. माझ्या मते इन्सुलिनच्या शोधाइतकेच या शिकवण्याचे मोल आहे. नुसती बाटली घरी देऊन कोणी वाचले नसते.

या इतिहासातली एक अडचण मात्र आजही आपल्या घरात आहे. सुरुवातीपासून इन्सुलिन वेगवेगळ्या तीव्रतेचे निघाले आणि सिरिंजवरच्या खुणांचा गोंधळ झाला. तो मिटावा म्हणून 1970 च्या दशकापासून अनेक देश एका मिलिलिटरमध्ये 100 युनिट या एकाच मापाकडे वळले. आपल्याकडे मात्र बाटलीतले इन्सुलिन बहुधा 40 चे आणि पेनमधले 100 चे असते. 40 ची सिरिंज लाल टोपणाची, 100 ची नारिंगी टोपणाची. संध्याकाळच्या उजेडात दोन्ही रंग सारखेच दिसतात!

काही वर्षांपूर्वी ऐन गणपतीत आमच्या काकांची साखर चढतच गेली. सगळ्यांनी आळ घेतला मोदकांवर. काकू तर नैवेद्याचे ताट झाकून ठेवू लागल्या. शेवटी घरी आलेल्या एका परिचारिकेने टोपणाचा रंग पाहिला. बाटली 40 ची आणि दुकानातून आलेली सिरिंज 100 ची होती. काका 20 च्या खुणेपर्यंत भरत होते, पण शरीरात जात होती फक्त 8 युनिट. उलट झाले असते, म्हणजे 100 चे इन्सुलिन 40 च्या सिरिंजमध्ये भरले असते, तर 20 ऐवजी 50 युनिट गेली असती. अडीचपट मात्रेने जीवावरच बेतले असते.

आता उकळणे आणि धार लावणे इतिहासजमा झाले. एकदा वापरून टाकायच्या सिरिंजा आल्या, 1985 मध्ये पेन आले. ती जुनी पद्धत आता कोणी करू नये, पण आजीची शिस्त अजून उपयोगाची आहे. मात्रा आणि पद्धत डॉक्टरांकडून समक्ष शिकून घ्यावी आणि मनाने बदलू नये. प्रत्येक वेळी हात धुवावेत आणि बाटलीवरचा आकडा, टोपणाचा रंग व मुदत पाहावी. दुधी दिसणारे इन्सुलिन तळहातांत हलके घोळवावे. पोटावर किंवा मांडीवर रोज बोटभर जागा सरकवावी. एकाच जागी टोचत राहिले की गाठ होते आणि औषध नीट लागू पडत नाही. सुई दर वेळी नवी घ्यावी. सिरिंज किंवा पेन नवरा-बायकोतसुद्धा सामाईक नको. इन्सुलिन गोठले तर ते फेकून द्यावे. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवून, वेगळ्या सांगून द्याव्यात. आपल्या शहराला स्वच्छतेचा अभिमान आहे, तर कचरागाडीवरच्या भावाच्या बोटात आपली सुई जाऊ नये.

आणि हे दहा दिवस एक खास काळजी. सुई घेतली आणि आरती लांबली, की जेवण लांबते आणि साखर एकदम उतरते. घाम फुटला, हात थरथरले, बोलणे भरकटले, तर साखर मोजण्याचे यंत्र शोधत बसू नये. आधी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा. हरतालिकेचा किंवा ऋषिपंचमीचा उपवास धरायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

आजी गेली, वाडाही गेला. डबी माझ्याकडे आहे. नातीने परवा विचारले, ‘यात काय ठेवायचे?’ मी तिला आजीची गोष्ट सांगितली. मग तिच्याच हाताने काकांच्या बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजच्या टोपणाचा रंग तपासायला लावला. दोन्ही जुळले, तेव्हाच आम्ही आरतीला निघालो.