नदीतले दार

सिरोंच्याला प्राणहिता गोदावरीला मिळते. पलीकडच्या काठावर कालेश्वर, अलीकडे वली हैदरशाह बाबांचा दर्गा. ही नदी आम्ही मुलांना नकाशावर राज्याची सीमा म्हणून दाखवतो. पण एके काळी तिचा हमरस्ता करायचे घाटत होते.

1860 च्या डिसेंबरात निजाम आणि इंग्रज यांच्यात तह झाला. नदीतून जाणाऱ्या मालावरची जकात उठली आणि त्याच तहाने डाव्या काठाचा मुलूख इंग्रजांकडे गेला. माल मोकळा झाला, दोन काठ मात्र दोन राज्यांत वाटले गेले. डाव्या काठावर अप्पर गोदावरी जिल्हा झाला, सिरोंचा त्याचे ठाणे.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी पेटली. तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरची नजर वऱ्हाड-हिंगणघाटच्या कापसावर गेली. आर्थर कॉटन यांचा आग्रह होता की, हा माल वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा थेट समुद्रापर्यंत नावेने न्यावा. अडचण होती ती तीन खडकाळ टप्प्यांची: दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि आपल्या अहेरीकडचे देवलमरी.

उपाय बांधकामाचा होता. खडकाच्या वर आडवा बंधारा, बाजूने कालवा आणि कालव्यात दोन्ही टोकांना दारे असलेला लांबट दगडी हौद. नाव आत घ्यायची, मागचे दार लावायचे, पाणी भरायचे. नाव आपोआप वर चढते. पाणी सोडले की खाली उतरते. दुम्मागुडेमला असे बांधकाम झालेही.

पण यादवी 1865 मध्ये संपली आणि 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. कापूस मुंबईकडे वळला. 1871 मध्ये जलमार्गाचे काम थांबले आणि 1874 मध्ये जिल्हाही मोडला. सिरोंचा चांदा जिल्ह्याच्या टोकाचा तालुका झाला, 1982 पासून गडचिरोलीच्या टोकाचा.

2019 मध्ये सिरोंच्याजवळ गोदावरीवर पुन्हा दारे बसली, ती मेडीगड्डा धरणाची. अलीकडच्या शेतकऱ्यांनी शेते बुडाल्याच्या तक्रारी केल्या. ऑक्टोबर 2023 मध्ये धरणाचे खांब खचले.

दोन्ही वेळा पाण्याचा हिशेब दूरवरच्या गरजेने मांडला गेला. काठावरच्या गोंड, माडिया, ढिवर, मुसलमान कुटुंबांचे काय, हा प्रश्न मागाहून आला. उर्साला मात्र माणसे आजही पलीकडून येतात. कोणी तेलुगूत बोलतो, कोणी मराठीत, कोणी दखनीत. मुलांना नदी शिकवताना सीमारेषेबरोबर ही ये-जाही शिकवायला हवी, असे आम्हाला वाटते.