पाण्याखालची हजेरी

पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीवर आम्ही बोललो, त्यानंतर बाजारात बसणाऱ्या एका मावशींनी आम्हाला गाठलं. म्हणाल्या, ‘एक जून ते एकतीस जुलै यांत्रिक होड्या किनाऱ्याला, हे तुम्ही सांगितलंत. पण त्या एकसष्ट दिवसांत मासा असतो कुठे, ते नाही सांगितलंत. इथंच असतो, की आणखी कुठे जातो?’

आम्ही एकमेकींकडे बघितलं. रोज ज्याची आमटी करतो, त्याचा पत्ता आम्हाला ठाऊक नव्हता. मग शोधायला बसलो, तर असं दिसलं की हा प्रश्न शेकडो वर्षांपासून विचारला जातोय आणि त्याचं उत्तर शोधण्याची मोठी गंमतशीर गोष्ट आहे. आज तीच सांगतो.

इंग्लंडमध्ये १६५३ साली आयझॅक वॉल्टन यांचं मासेमारीवरचं एक पुस्तक निघालं. त्यात सामन माशाच्या पिलांच्या शेपटीला फीत बांधून सोडल्याचा उल्लेख आहे. पुढे तो मासा त्याच ठिकाणी परत सापडला, तर समजायचं की समुद्रात जाऊनही तो घर विसरला नाही. आपण गाठोड्याला ओळखीची चिंधी बांधतो, तसंच हे. पुढे १८७० च्या दशकात अमेरिकेतल्या मेन राज्यात पेनॉब्स्कॉट नदीवर चार्ल्स ॲटकिन्स यांनी सामन माशांना खुणेच्या पट्ट्या लावल्या. डेन्मार्कच्या योहानेस पीटरसन यांनी १८९० च्या दशकात चपट्या माशांच्या अंगावर दोन बाजूंना दोन बारीक चकत्या तारेने जोडल्या. त्या चकतीला आजही पीटरसनचंच नाव आहे.

या सगळ्यांत एक उणीव होती. मासा कुठे सोडला आणि कुठे सापडला, एवढंच कळायचं. म्हणजे माहेर कळलं, सासर कळलं, पण वाटेत काय काय झालं त्याचा पत्ता नाही. आणि जो सापडलाच नाही, तो मेला, लांब गेला की कुणाच्या ताटात गेला, हे तर देवालाच ठाऊक.

तुम्ही म्हणाल, मग उपग्रहाचं यंत्र का नाही लावत? आपल्याकडे लावलंय की! २०२२ च्या जानेवारीत रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासविणीच्या पाठीवर असं यंत्र बसवलं, तिचं नाव ठेवलं प्रथमा. मग सावनी, वनश्री, लक्ष्मी, रेवा अशा आणखी चौघी झाल्या. पण कासवीण श्वास घ्यायला वर येते आणि तेवढ्या वेळात यंत्र आकाशाशी बोलून घेतं. बांगडा काही श्वास घ्यायला वर येत नाही. आणि खाऱ्या पाण्यात रेडिओच्या लहरी थोड्याच अंतरात विरून जातात. आमच्यासारख्या रेडिओवाल्यांना हे ऐकून जरा वाईटच वाटलं. आपला कार्यक्रम डोंगरापलीकडे पोचतो, पण पाण्याखाली हातभरही नाही.

पाण्यात चालतो तो आवाज. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, समुद्राच्या पाण्यात साधारण १५०० मीटर. चौपटीहून जास्त. माशांना हे आपल्या आधीपासून माहीत आहे. आपला घोळ मासा ज्या कुळातला, त्या कुळातले मासे पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायूंनी ढोल वाजवल्यासारखा आवाज काढतात. होय, तीच पिशवी, जिला आपण भोत म्हणतो आणि जिला एवढा भाव येतो.

तेव्हा माशाच्या अंगावर आवाज करणारं यंत्र बसवायचं, ही कल्पना पुढे आली. ते पहिल्यांदा जमलं १९५६ मध्ये, अमेरिकेत कोलंबिया नदीवरच्या बॉनव्हिल धरणापाशी. पार्कर ट्रेफेथन हे तिथल्या सरकारी मत्स्य खात्यातले संशोधक. धरणामुळे अंडी घालायला वर जाणाऱ्या सामनची वाट अडली होती. त्यांच्यासाठी पाण्याचा जिना बांधला होता, पण मासे त्या जिन्यापर्यंत कसे पोचतात, कुठे घुटमळतात, ते दिसत नव्हतं. म्हणून माशाच्या पाठीवर माणसाला ऐकू न येणारा बारीक आवाज करणारी कुपी लावली आणि माणसं पाण्यात ऐकण्याचं यंत्र सोडून होडीतून त्याच्या मागे फिरू लागली.

पुढची कितीतरी वर्षं हे काम असंच चाललं. एक मासा, एक होडी, कानाला यंत्र लावलेला एक माणूस. ऊन, पाऊस, रात्र, झोप, काही म्हणायचं नाही. माशाने दिशा बदलली की होडीने बदलायची. तान्ह्या बाळाच्या मागे रात्र जागलेल्या बाईला हे काम काय असतं, ते वेगळं सांगायला नको.

मग विचार उलटा झाला. माशामागे धावण्यापेक्षा त्याच्या वाटेवर बसून राहावं. प्रत्येक कुपीच्या टिकटिकीत ठराविक अंतरं ठेवायची, म्हणजे प्रत्येक माशाचा स्वतःचा क्रमांक तयार होतो. आणि समुद्राच्या तळाशी नांगरून ठेवलेलं यंत्र दिवसरात्र ऐकत बसतं. क्रमांक अमुक, वाजले इतके. शाळेतली हजेरीच ती. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या वेमको कंपनीची यंत्रं या कामात जगभर पसरली. एका यंत्राला ऐकू येतं ते काहीशे मीटर, समुद्र शांत असला तर जरा जास्त. लाटा आपटल्या, इंजिनं घरघरली की कमी.

कुपी बसवायची कशी, हे आम्हाला फार वेळ कळत नव्हतं. बहुतेक वेळा ती पोटात बसवतात. माशाला भूल देऊन पोटाला छोटा छेद, कुपी आत, वर दोन-तीन टाके. आणि भूल कशाची? पुष्कळदा लवंगेच्या तेलातल्या द्रव्याची! दाढ दुखली की आपण जो बोळा ठेवतो, तेच. पाण्यात ते मिसळलं की मासा गुंगतो, साध्या पाण्यात सोडला की हळूहळू सावध होतो. कुपी माशाच्या वजनाच्या दोन टक्क्यांपेक्षा जड नको, असा साधारण नियम पाळत आलेत. त्यामुळे लहान माशांसाठी कुप्या बारीक होत गेल्या. सामनच्या पिलांसाठी तर सुईने टोचून बसवता येणारी, पाव ग्रॅमहूनही हलकी कुपी निघाली आहे.

आता आम्हाला सगळ्यात आवडलेली गोष्ट. ती आहे अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातली, टॅम्पा उपसागराच्या कडेला असलेल्या टेरा सिया नावाच्या उथळ खाडीतली. मिशेल ह्यूपेल ही संशोधक आणि तिचे सहकारी कॉलिन सिम्फेनडॉर्फर यांनी १९९९ पासून तिथे ऐकण्याची यंत्रं मांडली. त्यांना अभ्यास करायचा होता काळ्या टोकाच्या परांच्या शार्कच्या पिलांचा. शार्क म्हटलं की सिनेमातला जबडा आठवतो, पण ही पिलं म्हणजे आपल्या बाजारातली मोरी. ही जात आपल्या समुद्रातही आहे. हिची मादी अंडी घालत नाही, पिलांना पोटात नाळेवर दहा ते बारा महिने वाढवते. मग खाडीत येऊन पिलं जन्माला घालते आणि निघून जाते. पिलं पहिला उन्हाळा खाडीत एकटीच काढतात.

हजेरीवरून आधी कळलं ते वाईट. कुपी एकाच जागी टिकटिकत राहिली, की पिलू मेलं. खाडीच्या तोंडाशी नोंद न होता आवाज एकाएकी बंद झाला, की कुणीतरी पकडून नेलं. अशा हिशोबाने निम्म्याहून जास्त पिलं पहिल्या काही महिन्यांतच जात होती. खाडी सुरक्षित पाळणाघर असते, असं आपण धरून चालतो. इथे कुणीतरी पहिल्यांदा त्या पाळणाघराचा हजेरीपट उघडून पाहिला होता.

मग आला २००१ चा सप्टेंबर. चौदा तारखेला गॅब्रिएल नावाचं वादळ त्या किनाऱ्यावर आदळलं. न्यूयॉर्कच्या इमारती पडून तीनच दिवस झालेले, साऱ्या देशाचे डोळे तिकडे. इकडे टेरा सियाच्या तळाशी यंत्रं आपली ऐकत होती. वादळ गेल्यावर नोंदी काढून पाहिल्या, तर कुपी लावलेली तेराच्या तेरा पिलं वादळ येण्याआधीच खाडीतून बाहेर, खोल पाण्याकडे निघून गेली होती. वादळ ओसरल्यावर ती परत आली. नोंदींच्या वेळा हवामानाच्या आकड्यांशी ताडून पाहिल्या, तेव्हा दिसलं की हवेचा दाब उतरू लागला, तशी ती निघाली. मैत्रिणींनो, ही पिलं काही महिन्यांची होती. त्यांनी याआधी वादळ पाहिलेलं नव्हतं आणि सांगायला आई जवळ नव्हती. २००३ मध्ये हा अभ्यास छापून आला.

हे वाचलं त्या दिवशी आमच्या गटात बराच वेळ निसर्ग वादळाच्याच गोष्टी चालल्या. ३ जून २०२०. कुणाची सुपारीची बाग आडवी, कुणाचे पत्रे उडालेले. आपल्याला रेडिओ-मोबाइलवरून सूचना होती, तरी घर सोडून निघायचा जीव होत नव्हता.

एका खाडीपुरतं हे ठीक, पण लांब जाणाऱ्या माशांचं काय? २००० ते २०१० या काळात ८० हून अधिक देशांच्या संशोधकांनी मिळून सागरी जीवांची गणना केली. तिचाच एक भाग म्हणून उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ऐकणाऱ्या यंत्रांच्या रांगा टाकल्या, किनाऱ्यापासून खोल समुद्राकडे, कुंपणासारख्या. त्यांनी काही समजुती हलवल्या. २००८ मध्ये डेव्हिड वेल्च आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की आठ धरणं ओलांडून येणारी सामनची पिलं आणि मुख्य प्रवाहावर धरण नसलेल्या फ्रेझर नदीतली पिलं जवळपास सारख्याच प्रमाणात समुद्रापर्यंत जिवंत पोचतात. यावर पुष्कळ वाद झाले. धरणं निरुपद्रवी आहेत असा याचा अर्थ नव्हे, पण पिलं आणखी कुठे मरतात ते शोधायला हवं, हे पुढे आलं.

त्याच रांगांनी हिरव्या स्टर्जन नावाच्या प्राचीन कुळातल्या माशाचीही हजेरी घेतली. कॅलिफोर्निया आणि ओरेगॉनकडे कुपी लावलेले मासे हिवाळ्यात थेट कॅनडाच्या व्हँकूव्हर बेटाच्या उत्तर टोकाकडे ऐकू आले. हा मासा नदीपुरता नाही, सगळा किनाराच त्याचं घर आहे, हे सिद्ध झालं. अमेरिकी सरकारने २००९ मध्ये त्याच्या रक्षणासाठी जो टापू ठरवला, त्यात नद्यांबरोबर ६० वाव खोलीपर्यंतचा किनारी समुद्रही धरला. आपले कोळीबांधव वावेतच मोजतात, म्हणून हा आकडा आम्हाला लगेच कळला. मासा कुठे जातो हे माहीत नसेल, तर त्याच्यासाठीची रेघ भलत्याच ठिकाणी ओढली जाते. मग माशालाही संरक्षण नाही आणि त्या रेघेमुळे ज्यांच्या होड्या थांबतात, त्यांचा उपासही फुकट.

ही युक्ती निर्दोष आहे असं मात्र नाही. स्कॉटलंडमध्ये दहा करड्या सीलवर एक प्रयोग झाला. खोक्यांमध्ये मासे लपवले, काहींना कुपी लावली, काहींना नाही. सील थोड्याच दिवसांत कुपीचा आवाज ओळखून खोकी शोधू लागले. म्हणजे माशाच्या गळ्यात आपण घंटाच बांधली म्हणायची, जेवणाची! शिवाय तळाशी ठेवलेल्या यंत्रांवर शिंपले चढतात, ट्रॉलरच्या जाळ्यात ती ओढली जातात, आणि वर काढल्याशिवाय आतली हजेरी बहुतेक वेळा वाचता येत नाही.

हे सगळं आम्ही मावशींना त्यांच्या पाटीशेजारी बसून सांगितलं. त्यांनी सुरमईचे तुकडे करता करता ऐकलं आणि विचारलं, ‘कुपी पोटात म्हणता, मग मासा साफ करताना ती मिळणार कोणाला?’

बरोबर आहे. होडीवर सहसा ती दिसणार नाही, दिसेल ती विळीवर. तेव्हा माशाच्या पोटात बोटाएवढी गुळगुळीत नळी मिळाली, किंवा कासवाच्या वल्ह्यासारख्या पायाला धातूची पट्टी दिसली, तर टाकू नका. कासव जिवंत असेल तर पट्टीला हात न लावता नुसता क्रमांक टिपा. क्रमांक, तारीख आणि होडी कोणत्या बाजूला गेली होती, एवढं लिहून मत्स्य किंवा वन खात्याच्या कचेरीत द्या. २०२१ मध्ये ओडिशात पट्टी लावलेली एक कासवीण २०२५ मध्ये आपल्या गुहागरला अंडी घालायला आली, ते कळलं ते पट्टीवरचा ०३२३३ हा क्रमांक कुणीतरी थांबून वाचला म्हणून.