चेहरा की जागा? दूरस्थ सभेच्या दोन वाटा

१/ मोहोळला लागून असलेल्या माढा तालुक्यातील परितेवाडी या खेड्याचे नाव ३ डिसेंबर २०२० रोजी जगभर पोहोचले. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइज’ जाहीर झाले. घोषणा लंडनमधून झाली. महासाथीमुळे विजेता मात्र सोलापूर जिल्ह्यातच, व्हिडिओ कॅमेऱ्यासमोर होता. बातमी ऐकताक्षणी त्यांच्या चेहऱ्यावर उमटलेला आनंद साऱ्या जगाने पाहिला.

२/ त्याच वर्षी २३ ऑगस्टला आयआयटी मुंबईचा ५८ वा पदवीदान समारंभ झाला, तो वेगळ्याच रीतीने. संगणकावर उभारलेल्या सभागृहात प्रत्येक पदवीधराचा ‘अवतार’ मंचावर गेला आणि संचालकांच्या अवताराच्या हातून त्याने पदवी स्वीकारली. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ डंकन हाल्डेन प्रमुख पाहुणे होते.

३/ संकट एकच, उपाय दोन. दोन्ही उपायांचा इतिहास महासाथीहून बराच जुना आहे.

४/ पहिली वाट व्हिडिओची. अमेरिकेच्या एटी अँड टी कंपनीने १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात ‘पिक्चरफोन’ मांडला आणि १९७० मध्ये पिट्सबर्ग शहरात त्याची व्यावसायिक सेवा सुरू केली. दर महाग, ग्राहक मोजके, यंत्र फसले. पुढे इंटरनेटने ही सोय स्वस्त केली. महासाथीच्या आधीच डिसले स्काइपवरून दूरदेशीच्या मुलांची परस्परांशी गाठ घालून देत होते.

५/ दुसरी वाट आभासी जगाची. १९८० च्या दशकात लुकासफिल्मने ‘हॅबिटॅट’ हा संगणकीय खेळ घडवला. त्यातील पात्रांना निर्मात्यांनी संस्कृतातला ‘अवतार’ हाच शब्द दिला. २००३ मध्ये ‘सेकंड लाइफ’ आले. २००७ मध्ये मालदीव आणि स्वीडन यांनी तेथे आपले आभासी दूतावासही उघडले.

६/ या दोहोंत नेमका भेद कोणता? व्हिडिओ चेहरा देतो, पण जागा देत नाही. चौकटींच्या त्या भिंतीत एका वेळी एकानेच बोलावे लागते. पारावर किंवा चावडीत सभा चालू असताना दोघे बाजूला सरून बोलतात, तशी सोय तेथे सहजी नसते. आभासी जगात अंतर असते. जवळच्या अवताराचा आवाज स्पष्ट आणि दूरच्याचा मंद ऐकू येईल, अशी रचना करता येते. तेथे हरवतो तो चेहरा. कपाळावरची आठी, ओठांवर थबकलेला शब्द अवतारात उतरत नाही.

७/ सतत स्वतःचाच चेहरा समोर असणे आणि खिळून बसणे यांमुळे व्हिडिओसभा थकवते, असे विवेचन स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये केले. तरीही महासाथीत व्हिडिओच सरस ठरला, कारण तो साध्या मोबाइलवर चालतो. त्रिमितीय जगाला सक्षम संगणक आणि भक्कम जोडणी लागते. ज्या घरात एकच फोन, तेथे निवडीचा प्रश्नच उरला नाही.

८/ म्हणून कोणते तंत्र श्रेष्ठ हा वाद अपुरा आहे. विधीला मंच लागतो, हे पवईने ओळखले. पण तो मंच उभा राहिला तेव्हा पदवीधर घरी बसून स्वतःचाच अवतार पाहत होता. इकडे डिसले यांना मंच मिळाला नाही, तरी त्या क्षणी ते स्वतः हजर होते. सभा कोणतीही असो, तिच्यात कोणाला खरोखर हजर राहता आले, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.