काकू ब्लाइंड खेळते तेव्हा

गणपती जवळ आले की आमच्या आंबिवलीच्या घरी एक विषय हमखास निघतो. जागरणाच्या रात्री काकूने सगळ्यांना कसं धुतलं, तो.

नातेवाइकांना ही गोष्ट पाठ आहे, त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल. बाकीच्यांसाठी थोडक्यात. आमच्याकडे जागरणाला तीन पत्ती असते. बूट एक रुपयाचा, तोही डब्यातल्या चिल्लरीतून. काकू जन्मभर मेंढीकोट आणि झब्बू खेळलेली. त्या रात्री एक भिडू कमी पडला म्हणून तिला ओढून बसवलं. कलर मोठा की सिक्वेन्स मोठा, हे तिच्या काही केल्या लक्षात राहीना. शेवटी तिने पानं बघायचीच नाहीत असं ठरवलं. "बघून तरी मला काय कळणार आहे?" म्हणाली आणि पानं पालथी ठेवून चाल देत राहिली. पहाटेचा चहा झाला तेव्हा सगळी चिल्लर तिच्या पदरात! समोर काका आणि मोहन्याहून आलेले त्यांचे एनआरसीतले जुने दोस्त. कसारा लाइनच्या लोकलमध्ये मांडीवर बॅग आडवी टाकून तीस वर्षं पत्ते कुटलेली माणसं, पण एकाचं डोकं चालेना. "नवशिक्याचं नशीब, दुसरं काय," एवढंच काका म्हणाले.

मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. मग एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

52 पत्त्यांतून तीन पानं एकूण 22,100 प्रकारांनी येऊ शकतात. त्यातल्या 16,440 प्रकारांत जोडी, कलर, सिक्वेन्स यातलं काहीही नसतं. म्हणजे जवळजवळ चारात तीन वेळा हातात फक्त कचरा. पानं उघडणाऱ्याला तो कचरा दिसतो आणि तो पॅक करतो. काकूला तो दिसतच नव्हता, मग घाबरणार कशाला? शिवाय ब्लाइंड खेळणाऱ्याला निम्म्याच पैशांची चाल असते. काका दोन रुपये टाकणार तिथे काकू एक. आमच्यासारख्या बऱ्याच घरांत आणखी एक नियम असतो, की पानं बघितलेल्याने ब्लाइंडवाल्याकडे शो मागायचा नाही. आणि तिच्या चेहऱ्यावरून ओळखणार तरी काय? तिलाच माहीत नव्हतं!

म्हणजे नशीब होतंच, पण निव्वळ नशीब नव्हतं. अजाणतेपणी का होईना, ती बरोबर खेळत होती.

पत्त्यांचा इतिहास वाचताना याचं मूळ थोडंसं सापडलं. बाबराने 1527 मध्ये सिंधला गंजिफाचे पत्ते पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. आपल्या सावंतवाडीला हाताने रंगवलेला गोल गंजिफा आजही बनतो, दशावतारी संचात 120 पानं असतात. पण गंजिफा हा स्मरणशक्तीचा खेळ. कुठली पानं पडून गेली ते लक्षात ठेवायचं. तिथे नवखा माणूस सहसा मारच खातो. तीन पत्तीचं गोत्र वेगळं, तिचं नातं इंग्रजांच्या 'ब्रॅग'शी. एडमंड हॉइल या गृहस्थाने 1751 मध्ये ब्रॅगवर एक पुस्तिका काढली होती. ब्रॅग म्हणजे बढाई, नावातच सगळं आलं. पोकरही याच गोतावळ्यातला.

या बढाईचं गणित जॉन फॉन नॉयमन याने मांडलं. 1928 मध्ये त्याचा अशा खेळांवरचा निबंध आला आणि 1944 मध्ये मॉर्गनस्टर्नबरोबरचा जाडजूड ग्रंथ. हलकी पानं असतानाही मधूनमधून चाल वाढवणं हा थिल्लरपणा नाही, शहाण्या खेळाचाच भाग आहे, असं त्यात गणिताने दाखवलंय. तसं केलं नाही तर समोरचा तुम्हाला पुस्तकासारखा वाचतो. नवशिक्याला वाचता येत नाही, हीच त्याची ताकद.

आपल्या सुप्रीम कोर्टाचं मत मात्र वेगळं. 1968 चा म्हणून ओळखला जाणारा सत्यनारायण खटल्याचा निकाल सांगतो की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ, आणि 'फ्लश', 'ब्रॅग' वगैरे नावांचा तीन पानांचा खेळ निव्वळ नशिबाचा. काकूवर अन्यायच की!

इथवर सगळं गमतीत होतं. आता जे लिहिणार आहे ते घरी फक्त बायकोला माहीत आहे. आई, रागावू नकोस.

2019 मध्ये कल्याणला एका मित्राकडे मी पहिल्यांदा पोकर खेळलो. पैसे नव्हते, कॅरमच्या सोंगट्या लावल्या होत्या. रात्रभरात साठेक डाव झाले असतील. सगळ्या सोंगट्या माझ्याकडे! "खोटं बोलू नकोस, तू आधी खेळलायस," असं सगळे म्हणाले आणि ते मला फार आवडलं. 2003 मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा अमेरिकन अकाउंटंट 86 डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून पुढे आला आणि 839 जणांत पहिला येऊन 25 लाख डॉलर घेऊन गेला, ही गोष्ट त्याच आठवड्यात वाचली. वाटलं, आपल्यातही काहीतरी आहे. लॉकडाऊनमध्ये फोनवर पैसे लावून खेळायला लागलो. आठ महिन्यांत 41 हजार रुपये गेले. तिथे मी मित्रांसमोरचा नवशिका नव्हतो. नुसता नवशिका होतो.

पुढे कधीतरी कळलं की 2015 मध्ये पिट्सबर्गला एका संगणकाविरुद्ध चार तरबेज खेळाडू 80,000 डाव खेळले. माणसं पुढे होती, तरी संशोधक म्हणाले की एवढ्यावरून कोण सरस ते ठरत नाही. 2017 मध्ये 'लिब्रेटस' हा नवा प्रोग्रॅम 20 दिवसांत 1,20,000 डाव खेळला आणि जिंकला, तेव्हा कुठे सगळ्यांनी मान्य केलं. ऐंशी हजार डावांवरून जे ठरत नाही, ते मी साठ डावांवरून ठरवलं होतं.

2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कायदा करून पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद केले, कौशल्याचे आणि नशिबाचे असा फरक न करता. मला बरं वाटलं. पण खरं सांगू का, फसवलं होतं ते फोनने कमी आणि त्या पहिल्या रात्रीच्या कौतुकाने जास्त.

आणि काकू? पुढच्या वर्षीपर्यंत तिला सगळे नियम पाठ झाले होते. पानं बघून, विचार करून खेळली आणि दीड तासात तिची चिल्लर संपली. "झालं बाई," म्हणून हसत उठली आणि मोदकांच्या सारणासाठी नारळ खवायला बसली. जिंकलेली रात्र तिने कधी स्वतःच्या नावावर लावलीच नाही, म्हणून हरलेली रात्रही तिला जड गेली नाही. मला हे शिकायला 41 हजार पडले.

असो. यंदा जागरणाला नक्की या. बूट अजून एक रुपयाच आहे.