संगमावरची 'रिकामी' जमीन

बे एरियातून योसेमिटीला जाताना वाटेत मोडेस्टो लागतं. आपण तिथे फार तर गॅस भरायला थांबतो. पण गावाच्या पश्चिमेला आठेक मैलांवर टुआलमी नदी सॅन वाकीन नदीला मिळते, आणि त्या संगमावर जून 2024 मध्ये डोस रिओस नावाचा स्टेट पार्क खुला झाला. डोस रिओस म्हणजे 'दोन नद्या'. कॅलिफोर्नियात दहाहून अधिक वर्षांनी झालेला हा पहिला नवा स्टेट पार्क.

तिथे रेंजरबरोबर चालायला जाणार असाल तर आधीच सांगते: कडे नाहीत, धबधबे नाहीत. सपाट जमीन, वाळुंज आणि कॉटनवुडची तरणी झाडं, मधूनच मातीचे उंचवटे. पूर आला की सशांना चढून बसता यावं म्हणून ते मुद्दाम केलेत. झाडंही लावलेलीच आहेत. इथे पूर्वी गुरं आणि शेती होती. 2012 मध्ये रिव्हर पार्टनर्स या संस्थेने साधारण 1,600 एकर जमीन विकत घेतली, पाण्याला वाट मोकळी केली, साडेतीन लाखांच्या आसपास देशी झाडं-झुडपं लावली आणि मग जमीन राज्याच्या हवाली केली.

विकत घेतली, ती कुणाकडून? शेतकऱ्याकडून. आणि त्याच्याही आधी? इथे गंमत सुरू होते, म्हणजे गंमत नव्हेच.

ही योकट्स लोकांची भूमी. 1833 मध्ये सेंट्रल व्हॅलीत मलेरियाची भयंकर साथ आली. फरसाठी प्राणी धरणाऱ्या टोळ्यांबरोबर ती ऑरेगॉनहून उतरली असं मानतात. नदीकाठची गावंच्या गावं ओस पडली. त्यानंतर सोळा वर्षांनी सोन्यासाठी जे लोंढे आले, त्यांना ही जमीन 'रिकामी' दिसली. 1851-52 मध्ये सरकारी आयुक्तांनी कॅलिफोर्नियातल्या जमातींशी 18 करार केले. सह्या करणाऱ्यांत योकट्सही होते. जमाती आपली भूमी सोडणार आणि बदल्यात त्यांना राखीव जमीन मिळणार, असा सौदा. सिनेटने 1852 मध्ये एकही करार मंजूर केला नाही. वर कागद गुप्त ठेवले, ते 1905 पर्यंत. जमीन गेली आणि बदल्यातलीही मिळाली नाही.

दरम्यान 1850 चा दलदल-जमीन कायदा आला. पाण्याखाली जाणारी जमीन केंद्राने राज्यांना दिली आणि कॅलिफोर्नियाने ती एकरी एक डॉलर अशा भावाने विकली. अट एकच: पाणी हटवा. हेन्री मिलर नावाच्या गुरांच्या बड्या व्यापाऱ्याची एक गोष्ट अजून सांगतात. त्याने म्हणे होडी गाडीवर चढवली, घोडे जुंपले आणि 'मी ही जमीन होडीतून पाहिली' अशी शपथ घेतली. खरी असो-नसो, गोष्ट टिकली, कारण ऐकणाऱ्यांना ती पटत होती.

मग बांध आले. नदी बांधांच्या मधे अडकली आणि तिच्या काठचं जंगल गेलं. सेंट्रल व्हॅलीतलं असं नदीकाठचं जंगल आज जेमतेम पाच टक्के उरलंय. पण नदीला रेषा कुठे कळते? सांगली-कोल्हापूरकडच्या घरात वाढलेल्यांना निळी रेषा, लाल रेषा ठाऊक असतात; 2019 ला त्यांचं काय झालं तेही. इथे जानेवारी 1997 च्या पुराने सॅन वाकीनचे बांध ठिकठिकाणी फोडले. दर वेळी बांध दुरुस्त करण्यापेक्षा काही जमीन नदीला परत द्यावी, या विचाराला त्यानंतर जोर आला. 2023 च्या हिवाळ्यात इथे पाणी पसरलं, तेव्हा ते पसरण्यासाठीच जागा होती.

आणि हो, ही नदी तुमच्या नळातही असू शकते. टुआलमी योसेमिटीत उगम पावते. तिथल्या हेच हेची दरीत 1923 मध्ये धरण झालं आणि 1934 पासून ते पाणी सॅन फ्रान्सिस्कोकडे येतंय. मिलपिटस, हेवर्ड, सनीव्हेल यांनाही ते मिळतं. म्हणजे संगमावर पोचते ती नदी आपण पिऊन उरलेली. मला हे पार्कच्या कुठल्याही पाटीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

पार्कमध्ये एक छोटी बाग आहे. टोपल्या विणायला आणि औषधाला लागणाऱ्या वनस्पती तिथे स्थानिक जमातींसाठी लावल्यात. आपली फेरी तिथून जाणार का, हे रेंजरला सुरुवातीलाच विचारा. आणि हिवाळ्यात निघण्याआधी वाट उघडी आहे ना, ते बघून घ्या. पाणी चढलं की वाट बंद असते.